मेणाची जहाजे, समुद्राचे गणित

जपानच्या दक्षिण किनाऱ्याला लागून कुरोशिओ नावाचा एक प्रचंड सागरी प्रवाह वाहतो. २०१७ च्या उन्हाळ्यात कागोशिमा प्रांतातील कुचिनोशिमा बेटाजवळ या प्रवाहात एक विलक्षण यंत्र उतरवण्यात आले. त्याचे नाव ‘कैर्यू’. लांबी सुमारे वीस मीटर, क्षमता शंभर किलोवॅट आणि परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारी दोन चक्रे. हे यंत्र समुद्राच्या तळावर उभे राहत नाही, तसेच पृष्ठभागावरही तरंगत नाही. तळाशी बांधलेल्या दोराच्या आधाराने, वाऱ्यावर पतंग राहावा तसे, ते पाण्याच्या पोटात तरंगत राहते आणि वाहत्या प्रवाहातून वीज काढते.

असे यंत्र समुद्रात सोडण्यापूर्वी आधी संगणकात चालवून पाहावे लागते. प्रवाह दोन्ही चक्रांवर सारखाच आदळेल याची हमी नसते. एक चक्र मंदावले तर सारा सांगाडा एका बाजूला वळू लागतो. सांगाडा वळला की दोन्ही चक्रांच्या पात्यांना भेटणारे पाणी बदलते. पाणी बदलले की पुन्हा जोर बदलतो. त्यात लाटांचे हेलकावे आणि दोराची ओढ यांची भर. हे सारे एकाच वेळी सोडवणारी गणिते आज जगभरातील प्रयोगशाळांत मांडली जातात. त्यांच्या मुळाशी उतरत गेले की पात्याचे गणित असो, तरंगत्या वस्तूच्या डोलण्याचे असो की छोट्या प्रतिकृतीवरून मोठ्या यंत्राविषयी अंदाज बांधण्याचे असो, वाट एकाच माणसाच्या दारी जाऊन पोहोचते. तो माणूस म्हणजे विल्यम फ्रूड. विजेवर चालणारे दिवे घरोघरी पोहोचण्यापूर्वीच तो हे जग सोडून गेला होता.

विल्यम फ्रूड यांचा जन्म २८ नोव्हेंबर १८१० रोजी इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील डार्टिंग्टन येथे झाला. वडील रॉबर्ट हरेल फ्रूड हे चर्चमधील वरिष्ठ धर्माधिकारी. घर सधन, करारी आणि विद्येची चाड असलेले. थोरला भाऊ रिचर्ड हरेल हा पुढे इंग्लंडच्या धर्मजीवनात खळबळ उडवून देणाऱ्या ऑक्सफर्ड चळवळीचा एक अग्रणी ठरला आणि अवघ्या तेहतिसाव्या वर्षी वारला. धाकटा जेम्स अँथनी नामवंत इतिहासकार झाला. अशा दोन शब्दप्रभूंच्या मधला विल्यम मात्र आकड्यांत आणि यंत्रांत रमणारा. वेस्टमिन्स्टर शाळेनंतर ऑक्सफर्डच्या ओरियल महाविद्यालयात थोरल्या भावाच्याच देखरेखीखाली तो शिकला आणि १८३२ मध्ये गणितात प्रथम श्रेणी मिळवून बाहेर पडला.

तो काळ रेल्वेचा होता. हुशार तरुणाने लोखंडी रस्त्यांच्या मागे लागावे, हे तेव्हा साहजिकच होते. १८३७ मध्ये फ्रूड इझमबार्ड किंगडम ब्रुनेल यांच्या हाताखाली ब्रिस्टल आणि एक्झेटर रेल्वेच्या कामावर रुजू झाले. ब्रुनेल म्हणजे त्या युगातील महत्त्वाकांक्षेचे मूर्तिमंत रूप. त्यांच्या पदरी राहून फ्रूड यांनी तिरक्या कमानींच्या पुलांची आखणी केली आणि सरळ रुळांवरून वळणावर जाताना गाडीला हिसका बसू नये म्हणून वळण हळूहळू वाढवत नेण्याची पद्धत बसवली. रेल्वेने प्रवास करणाऱ्या माणसाला आज वळण कधी लागले हे कळतही नाही, त्यामागे ज्या मंडळींची बुद्धी आहे त्यांत फ्रूड यांचे नाव अग्रभागी आहे.

मात्र १८४६ मध्ये, ऐन उमेदीच्या काळात, त्यांनी हे काम सोडले. वडिलांची प्रकृती ढासळली होती आणि त्यांच्याजवळ राहणे फ्रूड यांना आवश्यक वाटले. पुढची दहाएक वर्षे डेव्हनमधल्या एका खेडवळ सद्गृहस्थाचे आयुष्य त्यांनी काढले. चरित्रकारांना या वर्षांविषयी सांगण्यासारखे फारसे सापडत नाही. पण नदी, नौका आणि शिडे यांचा सहवास याच काळात वाढला असला पाहिजे; कारण ब्रुनेल यांनी पुन्हा साद घातली तेव्हा प्रश्न जहाजाचा होता आणि फ्रूड त्याला तयार होते.

ब्रुनेल तेव्हा ‘ग्रेट ईस्टर्न’ हे ६९२ फूट लांबीचे अवाढव्य जहाज बांधत होते. एवढे मोठे जहाज लाटांवर किती डोलेल, याचा अंदाज कोणालाच नव्हता. १८५७ च्या सुमारास त्यांनी हा प्रश्न फ्रूड यांच्याकडे सोपवला. ब्रुनेल १८५९ मध्ये निवर्तले, पण प्रश्नाने फ्रूड यांना सोडले नाही. १८६१ मध्ये, नुकत्याच स्थापन झालेल्या नौकास्थापत्यशास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे त्यांनी जहाजांच्या डोलण्यावरचा आपला निबंध वाचला आणि जाणकारांची एक लाडकी समजूत उलटीपालटी करून टाकली.

समजूत अशी होती की, जहाज जितके ताठ, म्हणजे कलले असता झटकन सरळ होणारे, तितके ते समुद्रात स्थिर. फ्रूड यांनी दाखवून दिले की समुद्रात जहाजाला सरळ कशाला म्हणावे हेच मुळी बदलत असते. लाटेच्या उतारावर असलेल्या जहाजाला तो उतारच सपाट जमिनीसारखा वाटतो आणि ते त्या उताराला काटकोनात उभे राहू पाहते. प्रत्येक जहाजाला डोलण्याचा स्वतःचा असा एक आवर्तनकाळ असतो. लाटांचा काळ आणि जहाजाचा काळ जुळला, तर झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेल्या हलक्या हलक्या धक्क्यांनी तो उंच जावा, तसे जहाज प्रत्येक लाटेगणिक अधिक कलत जाते. अति ताठ जहाजाचा काळ लहान असतो, तो लाटांच्या काळाजवळ येतो, आणि म्हणून तेच अधिक डोलते. तरंगत्या टर्बाइनचा आराखडा करणारा अभियंता आजही पहिल्यांदा हेच तपासतो, की सांगाड्याचा स्वतःचा आवर्तनकाळ त्या ठिकाणच्या लाटांच्या काळापासून पुरेसा दूर आहे की नाही.

डोलण्यापाठोपाठ दुसरा प्रश्न आला. पाणी जहाजाला किती अडवते? बांधण्यापूर्वीच हे कळले तर इंजिन केवढे लागेल हे सांगता येईल. त्या काळी जहाजाचा आकार ठरे तो कारागिराच्या अनुभवावर आणि बांधणाऱ्याच्या आवडीवर. छोट्या प्रतिकृती ओढून पाहण्याचे प्रयत्न आधी पुष्कळांनी केले होते आणि त्यांचे अंदाज खऱ्या जहाजाच्या बाबतीत इतके चुकले होते की प्रतिकृती हा शब्दच हास्यास्पद ठरला होता. जॉन स्कॉट रसेल यांच्यासारखा मातबर जहाजबांधणी-तज्ज्ञ तर अशा प्रयोगांना पोरखेळच समजत असे.

फ्रूड यांनी १८६७ मध्ये डार्ट नदीत दोन आकारांच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या. एकीचे नाव ‘स्वान’, म्हणजे हंस, आणि दुसरीचे ‘रेव्हन’, म्हणजे डोमकावळा. हंसाची टोके गोलसर, कावळ्याची टोकदार. प्रत्येक आकाराच्या तीन, सहा आणि बारा फूट लांबीच्या नौका केल्या होत्या. टोकदार नौका सर्व वेगांना सरस ठरेल अशी त्या वेळच्या पंडितांची अपेक्षा. परंतु वेग वाढला तसा हंस पुढे गेला. याहून महत्त्वाची गोष्ट त्यांच्या नजरेने टिपली ती पाण्यावर उठणाऱ्या लाटांची. छोटी आणि मोठी नौका एकाच वेगाने ओढली तर लाटांची नक्षी वेगळी दिसे. पण वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवला की दोन्ही नौकांभोवतीची नक्षी हुबेहूब सारखी होई. म्हणजे सोळापट लांब जहाजाचे वर्तन पाहायचे असेल, तर प्रतिकृती त्याच्या एक चतुर्थांश वेगाने ओढली पाहिजे. असाच नियम फ्रान्सच्या फेर्दिनां रीश यांनी आधी मांडला होता. पण तो वापरून बिनचूक उत्तर काढायचे कसे, हे दाखवले फ्रूड यांनी.

बिनचूक उत्तराच्या आड एक धोंड होती. जहाजाला अडवणाऱ्या शक्ती दोन. एक, लाटा उठवण्यात खर्च होणारी. दुसरी, पाण्याच्या घर्षणाची. पहिली वर्गमुळाच्या नियमाने चालते, दुसरी चालत नाही. पूर्वीच्या प्रयोगकर्त्यांनी दोन्ही एकाच गुणकाने गुणल्या आणि फसले. फ्रूड यांनी त्या वेगळ्या केल्या. पन्नास फुटांपर्यंत लांबीच्या पातळ फळ्या घेऊन, त्यांवर कधी व्हार्निश, कधी कथिलाचा पत्रा, कधी सुती कापड, तर कधी वाळू चिकटवून त्या पाण्यातून ओढल्या आणि नुसत्या घर्षणाची मोजदाद केली. लांब फळीच्या मागच्या भागाला दर चौरस फुटामागे घर्षण कमी लागते, कारण पुढच्या भागाने पाण्याला आधीच सोबत ओढलेले असते, हे त्यांतून दिसून आले. मग हिशोब सरळ झाला. प्रतिकृतीच्या एकूण विरोधातून तिचे घर्षण वजा करायचे, उरलेला भाग नियमाप्रमाणे वाढवायचा, म्हणजे सोळापट जहाजासाठी सोळाच्या घनाने, ४०९६ ने गुणायचा, आणि शेवटी मोठ्या जहाजाचे घर्षण त्याच्या स्वतःच्या मापाने मिळवायचे. आज वाचताना हे अगदी सोपे वाटते. त्या वेळी विद्वानांच्या समितीलाही ते पटले नाही. १८६९ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने प्रतिकृतींचा नाद सोडून खरी जहाजे ओढून पाहावीत असा निर्वाळा दिला; समितीचे सदस्य असलेल्या फ्रूड यांनी त्यावर आपले भिन्न मत नोंदवले.

सुदैवाने नौदलाचे मुख्य रचनाकार एडवर्ड रीड त्यांच्या बाजूचे होते. १८७० मध्ये नौदल खात्याने दोन हजार पौंड मंजूर केले. फ्रूड यांनी स्वतःसाठी वेतन मागितले नाही. टॉर्की येथील ‘चेल्स्टन क्रॉस’ या आपल्या घरासमोरच त्यांनी हौद बांधायला घेतला: २७८ फूट लांब, ३६ फूट रुंद, १० फूट खोल आणि वर छप्पर.

त्याच वर्षी, ७ सप्टेंबरच्या मध्यरात्री, ब्रिटिश नौदलाची नवी कोरी युद्धनौका ‘कॅप्टन’ स्पेनच्या फिनिस्टेअर भूशिराजवळ वादळात उलटली. सुमारे पावणेपाचशे माणसे बुडाली, मोजकीच वाचली. मृतांमध्ये तिचा कल्पक आणि कर्ता काउपर कोल्स हाही होता. पाण्यालगत बसका काठ, वर तोफांचे जड बुरूज आणि त्याहून वर शिडांचे उंच डोलारे अशी ती नौका. रीड यांनी तिच्या रचनेविषयी धोक्याचा इशारा देऊनही लोकमताच्या आणि वर्तमानपत्रांच्या रेट्यापुढे ती बांधली गेली होती. जहाज कलल्यावर कुठपर्यंत परत येईल हा प्रश्न आता निबंधाचा राहिला नाही. १८७१ मध्ये युद्धनौकांच्या रचनेचा फेरविचार करण्यासाठी जी समिती नेमली गेली, तीत विल्यम टॉमसन, म्हणजे नंतरचे लॉर्ड केल्व्हिन, आणि रँकिन यांच्याबरोबर फ्रूड यांचाही समावेश होता. जहाजाच्या तळाच्या दोन्ही अंगांना लांबट पट्ट्या बसवल्या तर डोलणे कितीतरी कमी होते, हे त्यांनी ‘ग्रेहाउंड’ आणि ‘पर्सियस’ ही दोन सारखी जहाजे, एकीला पट्ट्या आणि दुसरीला नाहीत, अशी शेजारी शेजारी लाटांत ठेवून सिद्ध केले.

हीच ‘ग्रेहाउंड’ मोठ्या कसोटीसाठीही निवडली गेली. ‘अॅक्टिव्ह’ या दुसऱ्या युद्धनौकेच्या बाजूला लांब दांडा काढून, तिच्या मागच्या खळबळत्या पाण्यापासून दूर ठेवत, १८७१ मध्ये ‘ग्रेहाउंड’ला समुद्रात ओढण्यात आले आणि दोराची ओढ मोजण्यात आली. पुढे टॉर्कीच्या हौदात तिची सोळाव्या हिश्शाची प्रतिकृती ओढली गेली. दोन्हींचे आलेख शेजारी मांडले तेव्हा ते जुळले. शिवाय आणखी एक अप्रिय सत्य उघड झाले. जहाजाच्या इंजिनात निर्माण होणाऱ्या शक्तीपैकी निम्म्याहून कमी शक्तीच जहाज पुढे नेण्याच्या कामी लागत होती. उरलेली इंजिनाच्या आणि पंख्याच्या पोटात जिरत होती.

हौदातल्या नौका पॅराफिन मेणाच्या असत. मेण पाणी शोषत नाही, सहज कापता येते आणि प्रयोग झाला की वितळवून पुन्हा वापरता येते. आराखड्यावरच्या रेषा गिरवत मेण कापणारे यंत्र, रुळांवरून सरळ धावणारी गाडी, विरोधाची नोंद कागदावर आपोआप उमटवणारी उपकरणे, हे सारे फ्रूड यांनी स्वतः घडवले. त्यांच्या मदतीला ब्रुनेल यांचा मुलगा हेन्री आणि स्वतःचा मुलगा रॉबर्ट एडमंड होते.

या कामाच्या समांतर त्यांच्या घरात एक वेगळाच संघर्ष चालू होता आणि त्याशिवाय हा माणूस पुरता कळत नाही. थोरल्या भावाचे जिवलग मित्र जॉन हेन्री न्यूमन हे फ्रूड कुटुंबाचे स्नेही. न्यूमन यांनी १८४५ मध्ये रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला. पुढे १८५७ मध्ये फ्रूड यांच्या पत्नी कॅथरिन यांनीही तोच मार्ग धरला, आणि मुलांपैकी बहुतेक त्याच वाटेने गेली. फ्रूड एकटे मागे राहिले. त्यांनी कोणाला अडवले नाही, पण स्वतःची भूमिका सोडली नाही. कोणताही निष्कर्ष पुराव्याने जितका तोलला जातो तितकाच धरावा, त्याहून अधिक खात्री बाळगणे हा बुद्धीशी अप्रामाणिकपणा आहे, असे ते मानत. संपूर्ण खात्री माणसाला शक्य आहे की नाही, यावर या दोघांचा पत्रव्यवहार अनेक वर्षे चालला. न्यूमन यांचा ‘ग्रामर ऑफ असेंट’ हा १८७० मधील ग्रंथ घडण्यात या वादाचा वाटा मोठा आहे. न्यूमन यांना २०१९ मध्ये संतपद मिळाले. त्यांच्या तत्त्वज्ञानाची धार ज्या सहाणेवर लागली तिच्यात एक संशयवादी अभियंताही होता, हे सहसा सांगितले जात नाही. आणि फळीवर वाळू चिकटवून घर्षण मोजणारा माणूस घरी कशाशी झुंजत होता, हेही जहाजबांधणीच्या पुस्तकांत येत नाही.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत फ्रूड जहाजाच्या मळसूत्री पंख्याकडे वळले. रँकिन यांनी १८६५ मध्ये पंख्याचा विचार, तो पाण्याला मागे किती ढकलतो, या अंगाने केला होता. १८७८ च्या आपल्या निबंधात फ्रूड यांनी वेगळी वाट काढली. त्यांनी पाते कल्पनेने छोट्या छोट्या तुकड्यांत कापले. प्रत्येक तुकडा म्हणजे पाण्यातून तिरका सरकणारा एक लहानसा फलक. त्याच्यावर पाणी कोणत्या कोनातून येते, त्याला किती उचल मिळते, किती अडथळा होतो, हे काढायचे आणि सगळ्या तुकड्यांची बेरीज करायची. पुढे १८८९ मध्ये मुलगा रॉबर्ट एडमंड याने रँकिन यांचा धागा उचलून, फिरणारा पंखा म्हणजे दाबात अचानक उडी घडवणारी एक पातळ तबकडी आहे असे मानून हिशोब मांडला. विसाव्या शतकात हर्मन ग्लाउअर्ट यांनी हे दोन्ही विचार सांधले. पंखा उलट चालवला, म्हणजे त्याने पाणी ढकलण्याऐवजी पाण्याने त्याला फिरवले, की त्याचे टर्बाइन होते. गणित तेच राहते. ५९.३ टक्क्यांहून अधिक ऊर्जा मोकळ्या प्रवाहातून काढता येत नाही ही प्रसिद्ध मर्यादाही याच तबकडीच्या हिशोबातून निघते.

पत्नी कॅथरिन १८७८ मध्ये वारल्या. खचलेल्या फ्रूड यांना विश्रांती मिळावी म्हणून नौदलाने त्यांना आपल्या ‘बोडिशिया’ या जहाजावरून दक्षिण आफ्रिकेच्या सफरीवर पाहुणे म्हणून नेले. परतीची तयारी चालू असताना तिथे ते आमांशाने आजारी पडले आणि ४ मे १८७९ रोजी सायमन्सटाउन येथे त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास रोममध्ये कार्डिनलपद स्वीकारण्यासाठी गेलेले न्यूमन त्यांना श्रद्धा आणि खात्री यांविषयी आणखी एक लांबलचक पत्र लिहीत होते. नौदलाच्या इतमामात, सायमन्सटाउनच्याच मातीत फ्रूड यांना मूठमाती देण्यात आली.

टॉर्कीचा हौद १८८६ मध्ये बंद झाला आणि रॉबर्ट एडमंड यांनी काम गॉस्पोर्टजवळच्या हासलर येथे नेले. त्यानंतर जगभर असे हौद उभे राहिले. पुण्याजवळ खडकवासल्याला, मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१६ मध्ये सुरू केलेल्या आणि आज केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, बंदरांच्या आणि धरणांच्या प्रतिकृतींमध्ये पाणी किती वेगाने सोडायचे हे ठरते तेही वर्गमुळाच्या त्याच नियमाने.

बहुचक्री तरंगत्या टर्बाइनच्या बाबतीत हा वारसा अजून संपलेला नाही, कारण त्यातली अडचणही फ्रूड यांचीच आहे. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांजवळ २०२१ मध्ये ‘ओ-टू’ हे ७४ मीटर लांबीचे तरंगते टर्बाइन उभे राहिले. त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली वीस वीस मीटर व्यासाची दोन चक्रे, एकूण क्षमता दोन मेगावॅट. अशा यंत्राची छोटी प्रतिकृती हौदात ठेवली की लाटा आणि हेलकावे फ्रूड यांच्या नियमाने बरोबर येतात, पण पाती फसतात. चिमुकल्या पात्यावरून मंद वाहणारे पाणी मोठ्या पात्यावरच्या पाण्यासारखे वागत नाही. उचल कमी भरते, अडथळा जास्त. म्हणून प्रयोगकर्ते प्रतिकृतीची पाती मुद्दाम निराळ्या आकाराची करतात, जेणेकरून तबकडीवर पडणारा एकूण जोर तरी खऱ्या प्रमाणात यावा, आणि उरलेला फरक संगणकातल्या गणिताने भरून काढतात. जे नियमाने चालत नाही ते बाजूला काढून वेगळे मोजायचे, ही फळ्यांची युक्तीच इथे पुन्हा उपयोगी पडते.

संगणकातले गणितही पाते तुकड्यांत कापूनच सुरू होते. पण तुकड्यांची ती बेरीज प्रत्येक चक्राला एकटे समजते. शेजारच्या चक्राने ढवळलेले पाणी, मधल्या सांगाड्याची सावली आणि सांगाडा मागेपुढे झुलताना स्वतःच्याच ढवळलेल्या पाण्यात परत शिरणारे चक्र, हे तिला सहज दिसत नाही. त्यासाठी पाण्याच्या प्रत्येक भोवऱ्याचा माग ठेवणारी जड गणिते लागतात. ती अचूक असतात, पण चालायला वेळ फार घेतात आणि वीस वर्षांच्या आयुष्यातल्या हजारो लाटांसाठी ती चालवणे परवडत नाही. त्यामुळे जड गणिताने थोडे प्रसंग तपासायचे, त्यावरून हलक्या गणिताला दुरुस्त्या लावायच्या आणि मग प्रतिकृती हौदात ओढून दोन्हींचे आलेख शेजारी मांडायचे, असे काम चालते. दोन आलेखांमध्ये जो फरक उरतो, तो किती आहे हे अहवालात लिहिले जाते.